'मेडिआ' शेवटचं आलं होतं: हरवलेल्या ग्रीक शोकांतिका आणि त्यांचे विसरलेले नाटककार

इ.स.पू. ४३१ च्या वसंतात अथेन्समध्ये डायोनायसस या मद्यदेवाच्या उत्सवात युरिपिडीसचं 'मेडिआ' पहिल्यांदा रंगलं. स्पर्धेत तीन नाटककार होते आणि युरिपिडीस तिसरा आला. दुसरा सोफोक्लीस. पहिला युफोरियन, म्हणजे आधीच्या पिढीतला मोठा नाटककार एस्किलस याचा मुलगा. 'मेडिआ'चे प्रयोग आज जगभर होतात. युफोरियनने त्या वर्षी कोणत्या नाटकांवर बक्षीस मिळवलं, त्यांची नावंसुद्धा नोंदीत उरलेली नाहीत.

हा निकाल कळतो तो 'मेडिआ'च्या हस्तलिखितांत नाटकाआधी जोडलेल्या एका लहानशा टिपणावरून. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या विद्वानांनी इ.स.पू. २०० च्या सुमारास अशी टिपणं तयार केली. युरिपिडीसने त्या दिवशी आणखी तीन नाटकं सादर केली होती, हेही त्यात आहे: 'फिलोक्टेटीस', 'डिक्टिस' आणि 'कापणीवाले'. शेवटच्या नावापुढे मूळ ग्रीकमध्ये दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ: 'उपलब्ध नाही'.

हे टिपण नीट वाचलं तर एक मोठा गैरसमज सुटतो. ग्रीक नाटकं अलेक्झांड्रियाच्या आगीत जळाली, असं सर्रास सांगितलं जातं. पण इथे त्याच ग्रंथालयातला माणूस, ग्रंथालय भरभराटीत असताना, एक नाटक आपल्याकडे नाही म्हणून लिहून ठेवतो आहे. हरवणं तेव्हाच सुरू झालेलं होतं.

मुळात होती किती?

शहरातल्या मोठ्या डायोनायसस-उत्सवात दरवर्षी तीन नाटककारांची निवड व्हायची. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि एक सॅटर-नाटक द्यायचं. सॅटर-नाटक म्हणजे अर्धे माणूस, अर्धे पशू अशा सॅटरांचा कोरस (गाणारा-नाचणारा समूह) असलेलं मोकळंढाकळं नाटक, दिवसभराच्या शोकानंतरचं. म्हणजे वर्षाला नऊ शोकांतिका आणि तीन सॅटर-नाटकं. हा हिशेब इ.स.पू. पाचव्या शतकाला लावला तर एकट्या या उत्सवात नऊशेच्या आसपास शोकांतिका होतात. हिवाळ्यातल्या लेनाया उत्सवातली स्पर्धा आणि चौथ्या शतकातली नाटकं वेगळी.

त्यातल्या पूर्ण स्वरूपात आज ३२ आहेत. एस्किलसच्या ७, सोफोक्लीसच्या ७, युरिपिडीसच्या १८. शिवाय युरिपिडीसचं 'सायक्लॉप्स' हे सॅटर-नाटक. या ३२ पैकी एस्किलसच्या नावावरचं 'प्रॉमिथिउस' आणि युरिपिडीसच्या नावावरचं 'ऱ्हेसस' खरोखर त्यांचंच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. सोफोक्लीसने १२० च्या आसपास नाटकं लिहिली. म्हणजे त्याच्या दर सतरा-अठरा नाटकांमागे आपल्याकडे एक आहे. युरिपिडीसची ९२ नाटकं नोंदवलेली होती आणि अलेक्झांड्रियाच्या विद्वानांच्या हाती त्यांतली ७८ पोचली होती. या तिघांखेरीज दुसऱ्या कुणाच्याही नावावर एकही पूर्ण शोकांतिका उरलेली नाही.

नाटक हरवतं कसं

ग्रीक शोकांतिका लिहिली जायची ती एका सकाळच्या एका प्रयोगासाठी. नाटककार स्वतः कोरसला गाणी शिकवायचा. संहिता नटांकडे आणि घरच्यांकडे राहायची. जुन्या नाटकाचा पुन:प्रयोग अधिकृतपणे उत्सवात आला तो इ.स.पू. ३८६ मध्ये. मग नटमंडळी गावोगाव हीच नाटकं घेऊन फिरू लागली आणि सोयीप्रमाणे भाषणं वाढवू-छाटू लागली. इतकी, की इ.स.पू. ३३० च्या आसपास अथेन्सचा मुत्सद्दी लायकर्गस याला कायदा करावा लागला: एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस यांच्या नाटकांची अधिकृत प्रत सरकारदप्तरी ठेवायची आणि नटांनी ती सोडून एक शब्दही बोलायचा नाही. त्याच कायद्याने तिघांचे कांस्यपुतळे नाट्यगृहात उभे राहिले. कायदा नाटकं वाचवायला होता, पण त्यातच बाकीच्यांच्या विस्मरणाची सुरुवात आहे. सरकारने तीन नावं जपायची ठरवली. चौथं नाव जपायची जबाबदारी कुणावरच राहिली नाही.

ही अधिकृत प्रत पुढे इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने नक्कल करण्यासाठी १५ टॅलंट चांदी अनामत ठेवून मागवली, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवली, सुंदर नक्कल अथेन्सला परत पाठवली आणि अनामतीवर पाणी सोडलं, अशी हकिगत गॅलन हा वैद्य सांगतो. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो. जवळजवळ चारशे किलो चांदी झाली. गॅलन हे चारशे वर्षांनंतर लिहितो आहे, एवढं लक्षात ठेवून ती हकिगत घ्यावी.

पुढची पायरी कागदाची, म्हणजे पपायरसची. साधारण एका नाटकाला एक गुंडाळी लागायची. दमट हवेत पपायरस कुजतो, वापराने कडा फाटतात, आतला भाग किडे खातात. म्हणून ग्रंथालयातली प्रत काही पिढ्यांनी पुन्हा उतरवून घ्यावीच लागायची, आणि उतरवून घ्यायला पैसा लागायचा. नाटक मरायला आग लागण्याची गरज नव्हती. दोन-तीन पिढ्या कुणी नवी प्रत मागितली नाही, की काम संपलं.

मागणी कुठून यायची? शाळांतून. रोमन साम्राज्याच्या काळात ग्रीक शिकणाऱ्या मुलाला अथेन्सची जुनी बोली शिकावी लागे आणि त्यासाठी टीकेसह काही निवडक नाटकं नेमली गेली: एस्किलसची सात, सोफोक्लीसची सात, युरिपिडीसची दहा. मास्तर तीच शिकवत, टीकाकार त्यांच्यावरच टीका लिहीत, नकलनवीस तीच उतरवत. इजिप्तच्या वाळूत सापडलेले पपायरस काळाप्रमाणे मांडले तर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकानंतर निवडीबाहेरची नाटकं विरळ होत गेलेली स्पष्ट दिसतात.

नेमक्या त्याच सुमाराला पुस्तकाचा आकार बदलला. दुसऱ्या ते चौथ्या शतकादरम्यान गुंडाळी मागे पडून पानांचं, शिवलेलं पुस्तक आलं. गुंडाळीतून पुस्तकात ज्याची बदली झाली ते पुढच्या काळात गेलं. उरलेलं गुंडाळ्यांबरोबर संपलं. अशीच दुसरी गाळणी नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला लागली. तोवर ग्रीक मजकूर मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेला असे. आता लहान, जोडून लिहायची अक्षरं आली आणि जुन्या पोथ्या नव्या लिपीत उतरवल्या गेल्या. उतरवून झालेली जुनी पोथी कुणी सांभाळत बसत नसे. मग बायझंटाइन शाळांनी निवड आणखी आवळली आणि प्रत्येक नाटककाराची तीन-तीन नाटकंच मुख्य अभ्यासाला ठेवली. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा ग्रंथसंग्रहांची मोठी हानी झाली; पण तोवर शोकांतिकांचा फार मोठा भाग आधीच गेलेला होता.

उरलेलं किती बारीक धाग्यावर लोंबकळत होतं याचा एक नमुना. एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या त्रयीतलं मधलं नाटक फ्लॉरेन्समधल्या दहाव्या शतकाच्या आसपासच्या एकाच पोथीवर टिकून आहे. त्या पोथीत नाटकाची सुरुवातीची पानं गहाळ आहेत. आज छापील पुस्तकात दिसणाऱ्या आरंभीच्या ओळी अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'बेडूक' या विनोदी नाटकातून उचलून लावल्या आहेत, कारण तिथे एक पात्र त्या म्हणून दाखवतं आणि दुसरं त्यांतल्या चुका काढतं.

एका भरकटलेल्या पुस्तकाची किमया

युरिपिडीसची निवडलेली नाटकं दहा, मग आपल्याकडे एकोणीस कशी? या प्रश्नाचं उत्तर या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली आहे, असं मला वाटतं.

जादा नऊ नाटकांची ग्रीक नावं पाहा: हेलेनी, एलेक्ट्रा, हेराक्लीसची मुलं, हेराक्लीस, शरणागत स्त्रिया, दोन इफिजेनिया, आयन आणि सायक्लॉप्स. ग्रीक लिपीत ही सगळी एप्सिलॉन, ईटा, आयोटा, कॅपा या अक्षरांनी सुरू होतात, आणि वर्णमालेत हा एकाच पट्ट्यातला भाग आहे. म्हणजे युरिपिडीसच्या समग्र नाटकांचा वर्णानुक्रमे लावलेला कुठला तरी संच होता आणि त्यातला मधला एक तुकडा वाचला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला थेसालोनिकीतल्या विद्वानांच्या हाती तो लागला आणि त्यांनी तो उतरवून घेतला.

ही नऊ नाटकं कुणीही निवडलेली नाहीत. चांगली म्हणून नाही, शिकवायला सोपी म्हणून नाही. केवळ आद्याक्षरामुळे राहिली. त्यामुळे युरिपिडीस एरवी काय लिहायचा याचा न चाळलेला नमुना आपल्याला मिळतो. त्यात काय निघतं? 'हेलेनी'त नायिका ट्रॉयला गेलीच नव्हती आणि नवरा-बायको समुद्रमार्गे निसटतात. टॉरिसमधल्या 'इफिजेनिया'त बहीण-भाऊ एकमेकांना ओळखतात आणि सुटतात. 'आयन'मध्ये आई आणि टाकून दिलेलं मूल भेटतं. शोकांतिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं त्यात हे बसत नाही. पण अथेन्सच्या प्रेक्षकाला ही शोकांतिकाच होती.

एस्किलस आणि सोफोक्लीस यांच्या बाबतीत असं भरकटलेलं पुस्तक सापडलेलं नाही. त्यांच्याबद्दलचं आपलं मत शाळेच्या नेमणुकीवरच उभं आहे. सोफोक्लीस गंभीर, संयत, नियतीचा नाटककार हे वाक्य पाठ्यपुस्तकांत सर्रास असतं. ते सातच नाटकांबद्दलचं विधान आहे, हे त्यापुढे लिहिलेलं नसतं.

जिंकलेले आणि विसरलेले

फ्रिनिकस हा एस्किलसच्या आधीच्या पिढीतला. इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं. फ्रिनिकसने थोड्याच काळात त्यावर 'मिलेटसचा पाडाव' हे नाटक आणलं. इतिहासकार हिरॉडोटस सांगतो, की सगळं नाट्यगृह रडलं, आपल्याच माणसांच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून अथेन्सकरांनी त्याला हजार द्राख्मा दंड केला आणि हे नाटक पुन्हा कुणी करू नये असा हुकूम काढला. त्या नाटकाची एकही ओळ उरलेली नाही.

फ्रिनिकस थांबला नाही. इ.स.पू. ४७६ मध्ये तो पुन्हा जिंकला. कोरसचा खर्च थेमिस्टोक्लीसने उचलला होता, म्हणजे सलामिसच्या आरमारी विजयाचा कर्ता खुद्द. त्या वर्षीचं नाटक 'फिनिशियाच्या स्त्रिया' असावं असं मानतात. इराणी पराभवावरचं हे नाटक आणि एस्किलसने चार वर्षांनी केलेलं 'पर्शियन्स' यांचं नातं 'पर्शियन्स'च्या प्रास्ताविक टिपणात नोंदलं आहे. फ्रिनिकसच्या नाटकात सुरुवातीलाच एक खोजा दरबाऱ्यांसाठी आसनं मांडता मांडता इराणी राजा झर्क्सीसच्या पराभवाची बातमी सांगून टाकतो. एस्किलसने तीच बातमी दाबून धरली. वृद्धांचा कोरस काळजी करतो, राणीला स्वप्न पडतं आणि निरोप्या येतो तो १०७७ ओळींच्या नाटकात २४९ व्या ओळीला. पहिल्या अडीचशे ओळींतला तो ताण एस्किलसने मुद्दाम रचला हे आपल्याला कळतं ते एका हरवलेल्या नाटकाच्या एका तपशिलामुळे.

फ्रिनिकसची गाणी लोकांच्या ओठांवर किती होती, त्याचाही पुरावा आहे. इ.स.पू. ४२२ च्या 'गांधीलमाश्या' या विनोदी नाटकात म्हातारे ज्युरी पहाटे न्यायालयाकडे जाताना त्याचीच जुनी गाणी गुणगुणत निघतात.

आगाथॉनचं दुःख वेगळं आहे. त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कारण प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादातली मेजवानी त्याच्याच घरची, इ.स.पू. ४१६ मधल्या त्याच्या पहिल्या विजयानंतरची. पण त्याच्या नाटकांतल्या आज पन्नास ओळीही शिल्लक नाहीत. अ‍ॅरिस्टॉटल त्याच्याविषयी तीन गोष्टी सांगतो आणि तिन्ही मोलाच्या आहेत. एक: त्याने एका नाटकात कथानक आणि पात्रांची नावं दोन्ही स्वतःच्या कल्पनेतून रचली, जुन्या दंतकथेला हातही न लावता, आणि तरी ते नाटक रंजक होतं. दोन: नाटकाशी संबंध नसलेली, कुठेही बसतील अशी कोरसची गाणी त्याच्यापासून सुरू झाली. तीन: महाकाव्याएवढा ऐवज एका नाटकात कोंबल्यामुळे तो एकदा आपटला. म्हणजे पूर्ण काल्पनिक कथानकाचं गंभीर नाटक पाचव्या शतकातच झालेलं होतं. तो रस्ता पुढे कुठवर गेला हे दाखवणारं मूळ नाटकच आपल्याकडे नाही.

'राजा ईडिपस' जिंकला नव्हता. मराठीत पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून आणलेलं हे नाटक ज्याच्यापुढे हरलं तो फिलोक्लीस, एस्किलसचा भाचा. त्याच्या नावावर शंभर नाटकांची नोंद आहे. इ.स.पू. ४१५ मध्ये युरिपिडीसच्या 'ट्रॉयच्या स्त्रिया' आणि सोबतच्या नाटकांना झेनोक्लीसने मागे टाकलं. सहाशे वर्षांनी एलियन नावाचा लेखक त्या परीक्षकांवर अजून चिडलेला दिसतो. इथे एक सावधगिरी हवी. निकाल एका नाटकाचा नसे, चारही नाटकांचा मिळून असे; कोरसची तयारी, गायन, खर्च हे सगळं त्यात यायचं. परीक्षक मूर्ख होते असं ठरवण्याआधी आपण त्या दिवसाची तीन-चतुर्थांश नाटकं पूर्ण वाचलेलीच नाहीत, हे ध्यानात घ्यावं.

युरिपिडीस आणि सोफोक्लीस इ.स.पू. ४०६ च्या आसपास गेले आणि शोकांतिकाही त्यांच्याबरोबर संपली, हे आणखी एक पाठ्यपुस्तकी वाक्य. चौथ्या शतकातला अस्टिडामस पंधरा वेळा जिंकला. लायकर्गसच्या तीन पुतळ्यांच्या आधी, इ.स.पू. ३४० मध्ये नाट्यगृहात त्याचा पुतळा बसवला गेला, आणि त्या चौथऱ्याचा नावाची अक्षरं असलेला तुकडा सापडलेला आहे. पुतळ्यासाठी त्याने स्वतःच स्वतःची स्तुती करणाऱ्या ओळी लिहिल्या म्हणून त्याच्या नावाची म्हण पडली. नाटकं गेली, म्हण राहिली. सिराक्यूसचा सर्वसत्ताधीश डायोनिशियस यानेही इ.स.पू. ३६७ मध्ये लेनाया उत्सवात बक्षीस पटकावलं होतं.

त्याच शतकातल्या कार्किनसने १६० नाटकं लिहिली आणि त्यांत एक 'मेडिआ' होतं. अ‍ॅरिस्टॉटल एका युक्तिवादाचं उदाहरण देताना सांगतो, की या मेडिआवर मुलांना मारल्याचा आरोप होतो आणि ती म्हणते, मी त्यांना मारलं नाही, दूर पाठवलं. २००४ मध्ये लूव्र संग्रहालयातल्या एका पपायरसचं वाचन प्रसिद्ध झालं. त्यात स्वरलेखनासकट एका शोकांतिकेतला प्रवेश आहे, आणि त्यातली मेडिआ नेमकी हेच म्हणते. तो प्रवेश कार्किनसचाच असावा असं मानलं जातं. युरिपिडीसच्या शंभर वर्षांच्या आत, त्याच्या मेडिआचं सर्वांत प्रसिद्ध कृत्य, मुलांची हत्या, नाकारणारी दुसरी मेडिआ रंगमंचावर आलेली होती.

अलेक्झांड्रियातल्या एझिकिएलचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा ज्यू नाटककार. बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्याने मोझेस आणि इजिप्तमधून ज्यूंच्या सुटकेची कथा युरिपिडीसच्या छंदात शोकांतिका म्हणून लिहिली. झुडपातून देव बोलतो, आणि समुद्रात सैन्य बुडाल्याची हकिगत वाचलेला एक इजिप्शियन सांगतो, अगदी 'पर्शियन्स'मधल्या निरोप्यासारखी. या नाटकाच्या २६९ ओळी शिल्लक आहेत. ख्रिस्ती बिशप युसेबियसला बायबलच्या कथेचा पुरावा म्हणून त्या उपयोगी वाटल्या आणि त्याने आपल्या ग्रंथात उतरवल्या, म्हणून. अलेक्झांडरनंतरच्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही शोकांतिकेचा इतका मोठा भाग उरलेला नाही.

आपल्याकडचा वाचक या अवस्थेला परका नाही. कालिदास 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत भास, सौमिल्ल आणि कविपुत्र ही तीन नावं आदराने घेतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केरळातल्या पोथ्यांतून भासाची म्हणून तेरा नाटकं पुढे आली. बाकीचे दोघे अजून नावापुरतेच आहेत.

तुकड्यांवर विश्वास किती ठेवायचा

हरवलेल्या नाटकाची सामग्री तीन-चार वाटांनी येते आणि प्रत्येक वाट वेगळ्या प्रकारे फसवते.

सर्वांत जास्त ओळी दुसऱ्यांनी दिलेल्या अवतरणांतून येतात. इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या स्टोबियसने विषयवार सुभाषितं गोळा केली: लग्न, संपत्ती, मृत्यू, मुलं. त्यामुळे युरिपिडीसच्या हरवलेल्या नाटकांत सगळीच पात्रं उपदेश करताना दिसतात. भांडण, ओरडा, घाईचा संवाद सुभाषितसंग्रहात कोण घेणार? कोशकारांना दुर्मीळ शब्द हवे असत, म्हणून काही नाटकं एकेका विचित्र शब्दापुरती उरली आहेत.

मोठा धोका बोलणाऱ्याचा. अवतरणात ओळ येते, बोलणारं पात्र येत नाही. 'जिभेने शपथ घेतली, मनाने नाही' ही युरिपिडीसची ओळ त्याच्या हयातीतच बदनाम झाली होती. नशिबाने ती ज्या 'हिपोलिटस'मध्ये आहे ते नाटक उरलं. तिथे ती संतापाच्या भरात आलेली आहे आणि ती म्हणणारा तरुण शेवटपर्यंत शपथ पाळतो. शपथ पाळण्यापायीच मरतो. नाटक हरवलं असतं तर याच ओळीवरून युरिपिडीस खोट्या शपथांचा पुरस्कर्ता ठरला असता. 'बेलेरोफॉन' या त्याच्या हरवलेल्या नाटकात देव नाहीतच असं ठासून सांगणारं भाषण आहे. त्यावरून लेखक नास्तिक होता म्हणणाऱ्यांनी आधी हिपोलिटसची ओळ आठवावी.

कर्तृत्वाचा घोळही होतो. धूर्त माणसाने लोकांना धाकात ठेवण्यासाठी देव ही कल्पना काढली, असं सांगणाऱ्या बेचाळीसेक ओळी आहेत. एक लेखक त्या क्रिटियसच्या म्हणतो, म्हणजे अथेन्सच्या तीस हुकूमशहांपैकी एकाच्या. दुसरीकडे त्यांतल्याच काही ओळी युरिपिडीसच्या नावावर आहेत. आजही एकमत नाही.

दुसरी वाट पपायरसची. ऑक्सिरिंकस या इजिप्तमधल्या गावाच्या उकिरड्यांवर १८९६-९७ पासून उत्खनन झालं. पाऊस जवळजवळ नाही, म्हणून रद्दी टिकली. तिथून युरिपिडीसच्या 'हिप्सिपिली'चा मोठा भाग आणि सोफोक्लीसच्या सॅटर-नाटकाच्या, 'माग काढणारे'च्या, चारेकशे ओळी आल्या. युरिपिडीसच्या 'एरेक्थिउस'चा मोठा भाग ममीच्या वेष्टनात डकवलेल्या जुन्या कागदांतून निघाला आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याच 'फेथॉन'ची दोन पानं बायबलच्या एका पोथीला ठिगळ म्हणून लावलेली होती.

पपायरसवर बहुधा नाटकाचं नाव नसतं. ते ओळखायची रीत अशी: शाबूत ओळी वाचायच्या आणि आधी ज्ञात असलेल्या अवतरणांशी जुळतात का पाहायचं. एक ओळ जुळली तरी आजूबाजूचा सगळा मजकूर कुठला हे कळतं. छापील आवृत्तीत चौकोनी कंस म्हणजे तिथे पपायरस फाटला आहे. कंसातली अक्षरं संपादकाची भर. अक्षराखाली टिंब म्हणजे ते नीट वाचता आलेलं नाही. भाषांतरात हे कंस बरेचदा गळतात आणि संपादकाचा तर्क नाटककाराचं वाक्य होऊन बसतो. तुकड्यांचं भाषांतर घेताना कंस जपलेलं पुस्तकच घ्यावं.

कधी एवढीशी चिठ्ठी सगळी मांडणी उलटवते. एस्किलसचं 'शरणागत स्त्रिया' हे उपलब्ध शोकांतिकांत सर्वांत जुनं मानलं जायचं, कारण त्यात कोरसच मुख्य पात्र आहे आणि तंत्र बाळबोध वाटतं. १९५२ मध्ये एका पपायरसच्या तुकड्यावर स्पर्धेचा निकाल प्रसिद्ध झाला: हे नाटक असलेल्या मालिकेवर एस्किलस पहिला, सोफोक्लीस दुसरा. सोफोक्लीस स्पर्धेत आला तोच इ.स.पू. ४७० च्या सुमाराला. म्हणजे ते नाटक इ.स.पू. ४६० च्या दशकातलं, 'पर्शियन्स'नंतरचं. शैलीवरून काळ ठरवणाऱ्या पिढ्यांच्या मांडणीला एका निकालपत्राने धक्का दिला.

उरलेल्या वाटांपैकी दगडावर कोरलेल्या विजेत्यांच्या याद्या सर्वांत भरवशाच्या, पण त्या फुटक्या आहेत. दक्षिण इटलीतल्या कलशांवरची चित्रं मोहक असतात. मात्र चित्रकार कथा रंगवतो, प्रयोगाची नोंद ठेवत नाही. हायजिनसच्या नावावरच्या लॅटिन दंतकथासंग्रहात एका प्रकरणाला 'युरिपिडीसची इनो' असंच शीर्षक आहे. त्यावरून 'इनो'चा साचा कळतो: सवत इनोच्या मुलांचा घात करायला निघते, पण कपड्यांची अदलाबदल होते आणि ती सवत नकळत स्वतःचीच मुलं मारते.

या 'इनो'च्याच ओळी २०२२ मध्ये इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया या प्राचीन गावाच्या दफनभूमीत एका पपायरसवर सापडल्या. सोबत युरिपिडीसच्याच 'पॉलिइडस'चा उतारा आहे. दोन्ही मिळून जवळजवळ शंभर ओळी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात उतरवलेल्या, बहुतेक आपल्याला नव्या. वाचन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ओळख पटली ती वर सांगितलेल्या रीतीनेच, मधल्या काही ओळी आधीपासून अवतरणांत होत्या म्हणून. 'पॉलिइडस'च्या भागात राजा मिनोस आणि द्रष्टा पॉलिइडस मेलेल्या मुलाला जिवंत करण्यावरून वाद घालतात. सुभाषितसंग्रहांनी या वादातली वाक्यं सुटी सुटी जपली होती; आता कोण कुणाला उत्तर देतंय हे दिसतं.

कुणाला हे तुकडे वाचायचे असतील तर सुरुवात 'हिप्सिपिली' आणि 'एरेक्थिउस'पासून करावी. त्यांचा एवढा भाग उरला आहे की प्रवेशाचा आकार हाताला लागतो. सोफोक्लीसचं 'माग काढणारे' त्यानंतर: चोरीला गेलेल्या गुरांचा माग काढणारे सॅटर आणि नुकतीच शोधलेली वीणा ऐकून घाबरलेला कोरस. गंभीर आणि संयत सोफोक्लीसचंच आहे ते. एस्किलस आणि सोफोक्लीसच्या तुकड्यांचा प्रत्येकी एक आणि युरिपिडीसच्या तुकड्यांचे दोन खंड ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या लोएब मालिकेत इंग्रजी भाषांतरासह मिळतात. फ्रिनिकस, आगाथॉन, कार्किनस वगैरे मंडळी १९७१ ते २००४ दरम्यान पूर्ण झालेल्या 'ट्रॅजिकोरम ग्रेकोरम फ्रॅग्मेंटा' या मोठ्या संहितासंचाच्या पहिल्या खंडात एकत्र आहेत, आणि ज्यांच्या कर्त्याचं नावच कळत नाही अशा ओळींना दुसरा अख्खा खंड दिलेला आहे.